कादंबरीचं बारसं

३ फेब्रुवारी

सयाजीरावांचा फोन — कव्हर तयार! वर लाल अक्षरांत 'नकुसा', खाली पाठमोरी मुलगी, डोक्यावर घागर. म्हटलं, अहो, कादंबरीत घागर कुठेच नाही, गावात नळ आहे. "असू द्या हो सर, घागर असली की ग्रामीण वाटतं." प्रकाशक म्हणून माणूस थोर. वाचत नाहीत, त्यामुळे दुरुस्त्याही सुचवत नाहीत.

नाव मात्र त्यांना फार आवडलंय. मलाही. मुलगा हवा असताना झालेली चौथी मुलगी, म्हणून नकुसा. आमच्या खटावकडे अशा किती होत्या! समीक्षकांना पहिल्याच पानावर गहिवरायची सोय. पुरस्कार समितीतल्यांना तर कव्हरवरच. मी एवढा हिशेबी आहे हे या पानांबाहेर जायला नको.

५ फेब्रुवारी

लिहायला बसलो. टेबल पुसलं. पेनं रांगेत लावली (लिहितो लॅपटॉपवर!). रेश्मा म्हणाली, "प्रतिभा आली की हाक मारा, तोवर दळण घेऊन या." बायको आहे की संपादक? दळण आणलं.

६ फेब्रुवारी

आटपाडीहून बाळाबाई आत्या आली. मोतीबिंदू काढायचाय, सांगलीत भाच्याचं घर आहेच. वडिलांच्या बहिणींपैकी आता ही एकटीच उरलीय. दवाखान्यात नर्सनं "बाळाबाई, बाळाबाई" असा पुकारा केला, तरी ही ढिम्म! मी ढोसलं तेव्हा उठली. "सासरचं नाव हाय रं. अजून अंगाला लागलं न्हाई." लग्न होऊन जन्म गेला तरी! आधी बाईचं घर बदलायचं, मग नावही बदलायचं — काय एकेक खोडी असतात आपल्या लोकांच्या.

९ फेब्रुवारी

ऑपरेशन झालं. काळा गॉगल लावून आत्या कॉटवर बसलीय. डॉक्टरांनी मला बजावून सांगितलंय — टीव्ही नाही, वाकायचं नाही, डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही. कंटाळली बिचारी. "तुझं त्ये पुस्तक तरी वाच." आयुष्यात पहिल्यांदा कुणी आपणहून म्हणालं! बसलो वाचायला. निसर्गवर्णनात घोरली. भांडण आलं की टक्क जागी. कार्यशाळांमधून मी जे दिवसभर शिकवतो ते हिला घोरता घोरता कळतं.

मध्येच म्हणाली, "नाव काय म्हणलास पोरीचं?"

"नकुसा."

गॉगल चाचपून नीट बसवला. मग — "कुणी ठेवलं?"

"मी."

"तू कोण रं ठेवणारा? नाव आत्यानं ठेवायचं असतंय. तुला बहीण न्हाई, तवा मान माझा. तुझं नाव बी मीच ठेवलंय, जयराज! तुझा बा गुंडा ठेवत हुता."

समजावलं की आत्या, ही खरी मुलगी नाही.

"मग खोट्या पोरीला तरी बरं नाव ठिवायला काय झालं?"

चिडचिड झाली. जेवणही धड गेलं नाही.

१० फेब्रुवारी

पुन्हा प्रयत्न. म्हटलं, त्या नावातून दाहक वास्तव व्यक्त होतं. "म्हंजी?" — म्हणजे वाचून लोकांना वाईट वाटतं. "लोकास्नी वाईट वाटावं म्हणून पोरीला जल्मभर त्येच म्हणायचं व्हय?"

रेश्मा स्वयंपाकघरात हसत होती. मुद्दाम मोठ्यानं.

१२ फेब्रुवारी

कट! संध्याकाळी घरी आलो तर हॉलमध्ये शेजारच्या शालूबाईंच्या नातीचा पाळणा, भोवती सोसायटीतल्या बायका, पातेलंभर घुगऱ्या. आणि पाळण्यात दुपट्यात गुंडाळलेला माझा लॅपटॉप! डोक्याला टोपडंसुद्धा.

आत्या नवं लुगडं नेसून, गॉगल लावून उभी. "कान कुठं हाय ह्येचा?" रेश्मानं चार्जरचं भोक दाखवलं. आत्याला वाकू द्यायचं नव्हतं म्हणून लॅपटॉपच उचलून तिच्या तोंडापाशी धरला. "कुर्रर्र… हौसा!" नाव ठेवणारीच्या पाठीत धपाटे घालायचे असतात. बायका हळूच हात लावत होत्या, डोळ्याचं नवं ऑपरेशन. आत्या म्हणते, "लाजताय काय? चांगलं जोरात घाला की गं!"

मी कोपऱ्यात बसून घुगऱ्या खाल्ल्या. झकास झाल्या होत्या.

१४ फेब्रुवारी

वडूजकडे ग्रामीण साहित्य संमेलन. फेटा, शाल, नारळ. फेटा एवढा घट्ट की विचार करणं अशक्य. त्यामुळे भाषण उत्तम झालं. स्वागताध्यक्ष म्हणाले, "'नकुसा' या गाजलेल्या कादंबरीचे लेखक!" अहो, छापायची आहे अजून! 'लेखकानं आपल्या पात्रांचं ऐकलं पाहिजे' असं मी ठणकावून सांगितलं. टाळ्या.

घरी आलो. आत्यानं विचारलं, "हौसा काय म्हणतीया?" सांगून टाकलं — नाव बदलणार नाही, कव्हर छापायला गेलं. तिनं जेवताना मीठ मागितलं, तेही रेश्माकडे.

१५ फेब्रुवारी

आत्या बोलत नाही. मीही नाही. कादंबरी कुणाची आहे?

१७ फेब्रुवारी

आत्याला आटपाडीच्या एसटीत बसवलं. खिडकीखाली उभा राहिलो. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "लग्नाआधी तुझं नाव काय होतं गं?"

"तू छापाय दिलंयस त्येच."

तिनं पिशवी मांडीवर ओढून घेतली.

"तिघींच्या पाठीवर मी चौथी. पर नाव लागू पडलं बघ. माझ्या पाठीवर तुझा बा झाला." आणि हसली.

लाज वाटली. इतकी वाटली की नीट सजवून लिहिताही येत नाही. कंडक्टरनं घंटी मारली. म्हटलं, "आत्या, कान इकडं आण." टाचा उंचावल्या, खिडकीला तोंड लावलं — "कुर्रर्र… हौसा!" अख्खी एसटी वळून बघायला लागली. आत्यानं गजातून हात बाहेर काढला आणि माझ्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला. गॉगलखालून पाणी आलं तिच्या. डोळ्याला पाणी लागू द्यायचं नव्हतं.

गाडी गेल्यावर स्टँडवरूनच सयाजीरावांना फोन लावला. म्हटलं, घागर राहू द्या, नाव तेवढं बदला.