लोखंड दारात, लोखंड गोळीत

१२ जानेवारी २००९
सौ. दुपारी पुन्हा खळ्यात, दारापुढच्या अंगणात, जाऊन बसली. समोरच्या रस्त्यावर रेडी बंदराकडे जाणाऱ्या लोहखनिजाच्या ट्रकांची रांग. लाल धूळ तुळशीवर, अबोलीवर, हिच्या पिकल्या केसांवर. म्हटलं, "आत बस गो." तर म्हणते, "पाचाची गाडी येवंदे."
पाचाची एसटी मी चालवायचो तेव्हा घरासमोर हॉर्न द्यायचो. रिटायर होऊन किती वर्षं झाली. आता दुसरा ड्रायव्हर येतो, हॉर्न न देता जातो. बाईसाहेब बसतातच.
पाय सुजलेत हिचे. विचारलं तर, "उभ्यान काम केलां म्हणान."

१९ जाने.
सावंतवाडी. डॉ.नी रक्त-लघवी तपासायला दिली. बी.पी. बरंच वर. येताना स्टँडवर हिने उसळ-पाव मागितला, दिला. द्यायला नको होता बहुतेक.

२१ जाने.
मूत्रपिंडं मंद झालीत. क्रिएटिनिन वाढलेलं. रक्तही कमी, तेही त्यामुळेच. लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या. सौ. डॉ.च्या तोंडावर, "रोज एवढां लोखंड माझ्या अंगार पडता, तरी माका लोखंड कमी?" डॉ. पोट धरून हसले. मीही. हसू घरापर्यंत पुरलं.
मीठ कमी. लोणचं, खारा बांगडा बंद. गुडघ्यासाठी दुकानातून परस्पर आणते त्या दुखीच्या गोळ्या तर आजपासूनच बंद.

४ फेब्रु.
डॉ.ना धुळीचं विचारलं. मला वाटायचं धूळ छातीत जाते, फार तर खोकला. ते म्हणाले, जाड धूळ नाकातच अडकते. पण अगदी बारीक असते ती, आणि डिझेलचा धूर, फुप्फुसातून पुढे रक्तात उतरू शकतो. रक्त गाळतं मूत्रपिंड. म्हातारपणी, त्यात बी.पी. असलं तर, त्याचा त्रास जास्त होत असावा, असं अभ्यास करणारे म्हणतात. "यांना धुळीमुळेच झालं, असं मी छातीठोक सांगणार नाही. पण टाळता येईल तेवढी टाळा."
डेपोत एअर फिल्टर तुंबला की काढून ठोकायचो, परत बसवायचो. हा कसा ठोकणार?
जन्मभर घाटात धूळ खाल्ली मी. भोगते ही.

५ फेब्रु.
अनिलला फोन. मुलगा तसा शहाणा. "बाबा, आवशीक घेवन हंय येवा. वैभववाडीक कसली धूळ नाय." सौ.ला सांगितलं तर उसळलीच. "माका खंय जावचा नाय. माझी अबोली कोण बघतलो?" मीही आवाज चढवला. अबोला.
रात्री न बोलता पेज आणून ठेवली. अळणी. माझ्याही पेजेत मीठ नाही. मीच सांगितलं होतं, तुझ्यासारखंच मला दे. बोलत नव्हती तरी विसरली नाही.

२ मार्च
खिडक्यांना ओली गोणपाटं लावली. सकाळ-संध्याकाळ दारासमोर पाणी मारतो. ट्रकवाले हात करतात, चांगली पोरं आहेत, त्यांच्यावर तरी काय रागवायचं.
फडताळातला खारा बांगडा गायब. विचारलं. "माजरान खाल्ल्यान." आमच्याकडे मांजर नाही.

२० जून
पावसामुळे बंदर बंद, ट्रक बंद. अबोलीची पानं हिरवी असतात हे विसरलोच होतो. सूज कमी. क्रिएटिनिन थोडं उतरलं. मीठ सोडलं म्हणून, दुखीच्या गोळ्या सोडल्या म्हणून, की धूळ बसली म्हणून? डॉ. म्हणाले, तिन्ही असेल. सौ. म्हणते वेतोबा देवाची कृपा. मी आपला ट्रक धरून बसलोय.

९ नोव्हें.
ट्रक सुरू. रस्ता पुन्हा लाल.

७ डिसें.
रिपोर्ट परत चढला. मीठ नाही, दुखीची गोळी नाही, मांजरसुद्धा सुधारलंय, तरी. डॉ. म्हणाले, हे दुखणं आपणहूनही पुढे सरकतं. पण काही महिने जागा बदलून बघा.
घरी येऊन शांतपणे विचारलं. जायचं नाही तर नको, पण निदान दुपारी खळ्यात का बसतेस? बराच वेळ अबोलीची पानं ओल्या फडक्याने पुसत राहिली. मग, "तुमची गाडी येतली असां वाटता. येवची नाय ह्या म्हायत आसा, तरी वाटता."
इतकी वर्षं ही माझी वाट बघत धूळ खात बसली.


८ डिसें.
म्हटलं, "अनिलच्या दारातसून पण एसटी जाता गो. फोंड्याची." हसली. "ती तुमी थोडेच हाकतास?" पण दुपारी ट्रंक खाली काढायला सांगितली. जून उजाडेपर्यंत, त्याहून एक दिवस जास्त नाही, असं बजावलंय.

१४ डिसें.
वैभववाडी. अबोलीची दोन रोपं कुंडीतून आली. सुनेने आल्या आल्या मिठाची बरणी वरच्या फळीवर ठेवली. सौ.ला पोर आवडलेली दिसत नाही आज.

२६ जानेवारी २०१०
काल घर बघायला, झाडांना पाणी घालायला रेडीला गेलो. आज येताना कणकवलीहून फोंडाघाटमार्गे एसटी धरली. ड्रायव्हर नवा मुलगा. मी एकेकाळचा ड्रायव्हर म्हटल्यावर पुढची सीट दिली. अनिलचं घर जवळ आलं तसं म्हटलं, "त्या पेरूच्या झाडाकडे हॉर्न दे रे."
"कित्याक काका?"
"दे तू."
दिला त्याने. चांगला लांबलचक. सौ. पडवीत बसली होती. उठली नाही, हात केला नाही. डोक्यावरचा पदर तेवढा सारखा केला, मी गाडी चालवायचो तेव्हा करायची तसाच.
उतरून चालत घरी आलो, तर म्हणते, "आज गाडी लेट."
उद्या सकाळी रक्त तपासायला द्यायचंय हिचं.