भोगीच्या आत जिना

२८ डिसेंबर, सकाळ

नवी वही. दोन निश्चय. एक, भोगीच्या आत जिना रंगवायचा, सीलिंगसकट. दोन, कुणावर हात उचलायचा नाही.

अव्वा, म्हणजे आमची आई, वर धाकट्या भावाकडे, बसवराजकडे राहते. दोन वर्षं झाली, खाली आमच्यात जेवायला आलेली नाही. विचारलं की म्हणते, जिन्यात लई अंधार हाय प्रभु लेका, पायरी दिसंना. कारण एवढं साधं आहे. दोन वर्षांपूर्वीच्या भोगीला माझ्या हातून ताट भिंतीवर गेलं होतं, भाजीत मीठ नव्हतं म्हणून. पण त्याचा याच्याशी काही संबंध नाही. जिना उजळला की अव्वा माझ्या पाटावर बसून जेवणार. लिहून ठेवतो.

३० डिसेंबर

पेंटर बघायला आला. बाळासो, कुंभारीचा. मोबाईलची बॅटरी लावून भिंत बघितली, सीलिंग बघितलं. म्हणाला, मालक, रंगाचं ऱ्हाऊ द्या, खिडकीचा पत्रा काढा की, आपोआप उजेड येतोय.

त्याला सांगितलं, पत्रा मीच ठोकलाय. बसवराजच्या बायकोनं त्या खिडकीतून माझ्या धुतलेल्या गाडीवर खरकटं पाणी टाकलं होतं. तत्त्वाचा प्रश्न आहे. तरी शहाणा पत्र्याला हात लावायला गेला. मी हात उचलला नाही, फक्त कॉलर धरली. कॉलर जुनीच होती, फाटली.

२ जानेवारी

शेड कार्ड आणलं. बायकोला, चंद्रिकाला विचारलं, क्रीम का बदामी. तुम्ही म्हणाल ते. सीलिंगला काय. तुम्ही म्हणाल ते. माणसाला मत असावं की नाही. समजावून सांगताना टेबलावर मूठ बसली आणि तांब्या पडला. टेबल हलकं आहे. काचेचे ग्लास तिनं कधीच माळ्यावर टाकलेत, तेवढी हुशार आहे. शेवटी मान खाली घालून तिनं बदामीवर बोट ठेवलं. मला क्रीम हवा होता.

क्रीम फायनल. सीलिंग पांढरं. सगळ्यांना विचारून ठरवलं की बरं असतं.

५ जानेवारी, संध्याकाळ

खालच्या भिंतीला क्रीमचा पहिला हात झाला. बॅटरी मारून बघतो तर वरच्या अर्ध्या जिन्याला पिस्ता. बसवराजनं स्वतः लावला. म्हणतो, अर्धा जिना माझा हाय, मी कायबी लावीन.

मी शांतपणे सांगितलं, बाबा रे, भिंत अर्धी होते, सीलिंग अर्धं होत नाही. तर म्हणतो, का बे, सीलिंग काय तुझ्या बापाचं हाय. मोठ्या भावाला बे. शिवाय माझा बाप तोच त्याचा बाप. हे त्याला पटवून देणार होतो, पण तोवर त्याच्या कानाखाली बसलेली होती.

दुसरा निश्चय उद्यापासून नव्यानं.

६ जानेवारी

त्यानं वरून रोलर फेकून मारला. कपाळाला तीन टाके. दवाखान्यात सांगितलं, जिन्यात अंधार आहे, पडलो. डॉक्टर म्हणाले, मग कपाळाला पिस्ता रंग कसा. भोचक माणूस.

मी वर जाऊन त्याचा ब्रश मोडला. ब्रश म्हणजे माणूस नव्हे, निश्चय शाबूत.

१० जानेवारी

बाळासो फोन उचलत नाही. चार दिवस झाले, काम टाकून पळालाय. काही हरकत नाही. सीलिंग मीच करतो. मान वर करून रंगवलं की डोकं शांत राहतं, असा माझा अनुभव आहे. आज सकाळी तासभर राहिलं.

मग बसवराज खाली उतरताना शिडीला लाथ लागली. तो म्हणतो चुकून. मी पडता पडता डबा फेकला. त्याला लागला नाही, पत्र्याला लागला. गंजलेला पत्रा खिळ्यांसकट बाहेर गेला आणि जिना एकदम लख्ख झाला.

वरच्या दारात अव्वा उभी होती. कधीपासून, माहीत नाही. बसवराजचा गळा माझ्या हातात होता, माझे केस त्याच्या. दोघांची तोंडं रंगानं आणि रक्तानं भरलेली. अव्वा बघत राहिली. मग म्हणाली, अंधारच बरा होता की रे. तुमची तोंडं तरी दिसत नव्हती. आत गेली आणि कडी लावली.

लेकाच्या मनाला असलं लागतं. दुपारी जेवलो नाही.

१३ जानेवारी, भोगी, दुपारी दीड

आईचा शब्द मोडणारा मी नाही. अंधार बरा म्हणाली ना. सकाळी नवा पत्रा आणून खिडकीला ठोकला, बारा खिळे. क्रीम नाही, पिस्ता नाही, सीलिंग नाही, काही म्हणजे काही दिसत नाही. पाट मांडला. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोणी, भोगीची भाजी. मीठ मी स्वतः चाखून बघितलं.

जिन्याखालून हाक मारली, अव्वा, अंधार केलाय, ये. साडेबाराला चंद्रिका तिला आणायला वर गेली, भाकरीची दुरडी घेऊनच गेली. ती पण अजून आलेली नाही. वर ताटं वाजतायत. बसवराज काहीतरी बोलला, आणि अव्वा हसली. तिचंच हसणं होतं ते, मी ओळखतो.

भाजी गार झाली. मीच वर गेलो असतो. पण जिन्यात लई अंधार आहे, पायरी दिसत नाही.