गुरुवारचं भजन, अकरा पुरुष आणि मी

४ ऑक्टोबर १९९४, मंगळवार
महिला भजनी मंडळ सोडलं. सोडलं कसलं, मला तोंड मिटायला सांगितलं. कुलकर्णीवहिनी म्हणजे समोरच्या ब्लॉकमधल्या, मंडळाच्या अध्यक्ष, गोड बोलण्यात डॉक्टरेट. म्हणाल्या, "सरोजताई, तुम्ही नुसते टाळ वाजवा हं. ओठ हलवा हवे तर. तुमचा आवाज जरा... पुरुषी लागतो."
ओठ हलवा! ही लबाडी कॉन्व्हेंटमध्येसुद्धा कुणी शिकवली नव्हती मला.
मंडळातल्या बायका काळी पाचच्या उंच पट्टीत गातात. तिथे मी पोचत नाही, आणि पोचले तर शेपटीवर पाय पडलेल्या मांजरासारखी ओरडते. मान्य. पण एक दिवस पट्टी उतरवा ना! नाही. मीच चढायचं.
एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये "नंबर प्लीज" म्हटलं, आणि एकतीस वर्षं लोक म्हणाले, "थँक यू, साहेब." तेव्हा मी हसायचे. आज घरी येऊन रडले. नॉनसेन्स.

१३ ऑक्टोबर, गुरुवार
हे लिहायलाच हवं, नाहीतर उद्या माझाच विश्वास बसणार नाही.
खालच्या दत्तमंदिरात दर गुरुवारी संध्याकाळी पुरुषांचं भजन असतं. भाजी घेऊन येताना पायरीवर टेकले, गुडघा दुखत होता म्हणून. आत कोरस चालला होता. सहज गुणगुणले. मग सहज गायले. मग अजिबात सहज नाही, चांगलं पोटातून गायले. माझी पट्टी! एकसष्ट वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्या पट्टीत गात होतं.
पेटी थांबली. आतून बुवांचा आवाज: "भायेर कोन गातंय? चांगला ढाला आवाज हाय. आत ये रे गड्या, लाजतोस कशाला?"
गडी आत गेला. हातात मेथीची जुडी.
अकरा पुरुष, अकरा तोंडं उघडी. पखवाजवाला आधी हसला. बुवा मात्र हसले नाहीत, वरपासून खालपर्यंत बघून म्हणाले, "बस बाय. मेथी ठेव तिकरं."
बसले.

१४ ऑक्टो.
गुडघा सुजलाय. मांडी घालून सव्वा तास. असू दे.

२० ऑक्टोबर
आज अपमान आणि आनंद, दोन्ही भरपूर.
माणसं कळली. पाटीलबुवा इथल्याच गावातले. जमीन शहरासाठी गेली. मी कुठे राहते ते सांगितलं तर म्हणाले, "ती बिल्डिंग? तिकरं माजी भाताची खाचरं होती. म्हंजे तू माज्या शेतातच ऱ्हातेस!" आणि इतके खूश झाले, जणू मलाच पेरलं होतं. पखवाजवर दत्तू, चाळिशीचा, तळोज्याला केमिकल फॅक्टरीत. त्याची शिफ्ट बदलली की सगळ्यांची वेळ बदलते. पेटीवर जोशी, रिटायर्ड हेडक्लार्क आणि मंडळाचे चिटणीस. बोलणं असं की प्रत्येक वाक्याला जावक क्रमांक असावा. बाकी आठ टाळकरी.
पद्धत अशी: बुवा ओळ टाकतात, कोरसने ती उचलायची. मी उचलली. पण सिस्टर अ‍ॅग्नेसनी शाळेच्या क्वायरमध्ये आठ वर्षं मला मागच्या रांगेत उभं करून "सेकंड व्हॉइस" गायला लावलेलं. वरच्या मुली एक चाल गाणार, आम्ही तिच्या खालून दुसरी. तेच आपोआप आलं तोंडात. वर उभीही राहिले, हात पुढे गुंफून. उजवीकडचे चार टाळकरी माझ्यामागे आले, डावीकडचे चार बुवांकडे राहिले, आणि भजन मधोमध फाटलं.
जोशी: "बाई, इथे एकच सूर असतो. आणि तो बसून लावतात."
बुवा: "आमी सगले एका गाडीत, आन् ही बाय बाजूनं दुसरी गाडी हाकतेय! पन जोशीकाका, बैल बगा किती दमाचा हाय."
मला बैल म्हणाले. इतकी सुंदर दाद आजवर मिळाली नव्हती.

२७ ऑक्टो.
एकच सूर. जमला. लय वाढत गेली तशी मान हलायला लागली, मग टाळ्या, मग काय झालं आठवत नाही. थांबल्यावर पाहिलं तर चष्मा मांडीत.

५ नोव्हेंबर
दिवाळी. भजनाला सुट्टी होती. चकल्या तेलात विरघळल्या. कुलकर्णीवहिनी फराळाचं ताट घेऊन आल्या. "ऐकलं मी. पुरुषांत बसता म्हणे?" म्हटलं, "हो. तिथे ओठ हलवले की आवाजही काढू देतात." ताट मात्र ठेवून घेतलं. त्यांच्या करंज्या चांगल्या असतात, खोटं का बोला.

१० नोव्हेंबर
आपटा गावी २७ तारखेला भजन स्पर्धा. जोशींनी फॉर्म भरून आणला, वाचून दाखवला. अकरा नावं. मी बारावी, मी नाही.
"नियमात स्पष्ट आहे. फक्त पुरुष मंडळं. आपण सुरुवातीला दीपप्रज्वलन करा. शोभेल."
शोभेल! मी समई नाही, म्हटलं. मी गाते.
म्हात्रे बंधू, किराणा दुकानवाले, टाळकऱ्यांच्या रांगेत दोन टोकांना बसतात. थोरले खाली बघून म्हणाले, "आमच्यात बाया वेगल्या गातात. वाईट काय नाय त्यात." वाईट नाहीच. मला चढता येत नाही एवढंच आहे. हे बोलून दाखवलं नाही. आज पहिल्यांदा बोलले नाही.

१७ नोव्हेंबर
दत्तूला युक्ती सुचली. "आद्याक्षरं टाकू ना, मॅडम. एस. के. देसाई. तिथे कोण विचारतंय?" सगळे खूश.
मी नाही. टेलिफोनवर एकतीस वर्षं साहेब होते, ते पोटासाठी. आता चोरून पुरुष व्हायचं असेल तर मी आपट्याला येत नाही, इथेच पायरीवर बसते. पूर्ण नाव घाला, नाहीतर नका घालू.
मग बुवा: "घाला वो जोशीकाका. परीक्षक काय बोलायचं ते बोलतील."
जोशींनी पेनाचं टोपण काढलं. "कुमारी की श्रीमती?"
"कुमारी."
त्यांनी एकदा चष्म्यावरून पाहिलं आणि लिहिलं. अक्षर सुरेख आहे माणसाचं.

२७ नोव्हेंबर, रविवार
आपट्याहून आत्ताच आले. सगळं लिहिणार.
दुपारी टेम्पोतून गेलो. मला ड्रायव्हरशेजारी बसवत होते, मी मागे चढले. दोघांनी ओढलं, एकाने (नाव लिहीत नाही) खालून ढकललं. रस्ताभर गजर. नदीकाठी मांडव, त्यात स्टेज, खाली सतरंज्या, गावातल्या बायका एका बाजूला.
आमचा नंबर लागला, बसलो. परीक्षकांपैकी एक, बारीक मिशीचा, उठून आला. फॉर्म त्याने तेव्हाच वाचला असणार. "या बाईंना खाली बसवा. नाहीतर तुमचे गुण धरता येणार नाहीत."
मी उठायला लागले. खरंच. अकरा माणसांची महिनाभराची मेहनत, एका घशासाठी कशाला? पण मांडीची गाठ लवकर सुटेना, आणि तेवढ्यात बुवा बोलले.
"गुन कापा, साहेब. गानं कापू नका."
तो म्हणाला, नियम म्हणजे नियम. तर पेटीमागून जोशी, आमचे जोशी: "महोदय, नियमानुसार आमचे गुण धरू नका. स्पर्धेबाहेर मंडळाने गाऊ नये असा नियम आपल्या पत्रकात नाही. मी दोनदा वाचलंय." आणि भात्यावर हात ठेवला.
गायलो. काय गायलो! गुण नाहीत म्हटल्यावर दत्तूच्या हातात वारं शिरलं. बुवांनी गजर दोनदा थांबवला आणि दोनदा परत उचलायला लावला, नुसती मजा म्हणून. बायकांची बाजू टाळ्या धरून डोलत होती. म्हात्रे बंधूसुद्धा दोन्ही टोकांनी झडझडून गात होते. धाकट्यांची टोपी पडली, ती त्यांनी उचललीही नाही.
उतरल्यावर एका म्हातारीने माझी हनुवटी धरली. "बाय, माजा बाप असाच गायचा." मग नुसती धरून उभी राहिली.
नंबर नाही. प्रमाणपत्रही नाही. टेम्पोत जोशींनी मला अर्धं केळं दिलं.

१ डिसेंबर, गुरुवार
आज बुवांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "पुडच्या गुरवारी पयला गजर बायनं टाकायचा. आमी उचलू."
थोरले म्हात्रे टाळ खाली ठेवून उठले. शांतपणे, रागाने नाही. "बुवा, कोरसात बसली, चाललं. आपट्याला बसली, त्येबी चाललं. पन बाईनं टाकायचं आन् मी उचलायचं, ह्ये माज्यानं व्हनार नाय." धाकटे त्यांच्यामागे गेले. दारात थांबले, वळले, मग गेले. आणखी दोघं नजर चुकवत होते.
मी म्हटलं, बुवा, राहू द्या. मला कोरस पुरे.
"तुला पुरं आसंल. मला नाय."
जोशींनी पेटी बंद करताना विचारलं, "आपला षड्ज नक्की कुठला? काळी एक की दोन? लिहून ठेवतो."

५ डिसें.
स्वयंपाकघरात सराव. कुकरच्या शिट्टीचा सूर वरचा लागतो, त्याला म्हणावं ओठ हलव नुसते.
भीती वाटतेय. कोरसात चुकलं तर अकरा जण झाकतात. ओळ टाकायची म्हणजे एकटीने. आणि टाकली, आणि कुणी उचललीच नाही तर?

८ डिसेंबर, गुरुवार
संध्याकाळ. आंघोळ केली, हिरवी साडी. खाली मंदिरात दिवे लागलेत. खिडकीतून चपला दिसतात. पण चपलांवरून माणूस ओळखायला मी काय चांभार आहे?
आत्ता दत्तू वर आला, पखवाजाच्या डाव्या तोंडाला लावायला कणकेचा गोळा हवा म्हणून. मळून दिला. विचारलं, "म्हात्रे आलेत का रे?"
"तुम्ही खाली या आधी, मॅडम. बुवा खोळंबलेत."
"अरे, पण किती जण आहेत?"
कणीक तळव्यावर थोपटत जिना उतरत गेला. खालून ओरडला, "ओळ टाका, मग कळेल!"
गुडघ्याला तेल लावलंय. निघते.