होडीचा नियोजित कप्तान

२ मार्च
ठरलं. मे महिन्यात लग्नाला पंचवीस वर्षं होतात. भूमध्य समुद्रातलं बेट, शिडाची होडी, आठ दिवस, मी आणि ही. साडू आणि मेहुणी त्याच सुमारास तिथेच होडी घेऊन जाताहेत. साडू म्हणाला, आमच्यातच या की, दोन बर्थ रिकामे आहेत. त्याच्या होडीत पाहुणा म्हणून बसायला मला अजून वेड लागलेलं नाही. मी वेगळी होडी घेणार आणि स्वतः चालवणार.
हिच्या दोन अटी. एक, पोहायला शिकायचं. दोन, निघेपर्यंत कुणाशी भांडायचं नाही. मागच्या तिन्ही सहली मी भांडून नासवल्या म्हणे. (हॉटेल मॅनेजर, गाईड, टॅक्सीवाला. तिघेही चूक होते.) या वेळीही तेच झालं तर सहलच काय, पुढे कशालाच मी तुमच्याबरोबर नाही, असं म्हणाली. बायका असं बोलतात.

५ मार्च
होडीवरचं पुस्तक आणलं. सोपं आहे. वारा एकीकडून, शीड दुसरीकडे. एवढं शिकायला साडूला दोन उन्हाळे लागले. ज्याची त्याची कुवत.

८ मार्च, सकाळी
खलाशाच्या गाठीचा सराव. बाथरूमच्या दाराच्या कडीला मारली. पहिल्या फटक्यात इतकी पक्की बसली की सुटेना. ही आत होती. चाळीस मिनिटांनी पावाच्या सुरीने दोर कापला. हिची ऑफिसची बस चुकली. बाहेर आली ती एक शब्द बोलली नाही. छाप पडली असावी.

११ मार्च
पोहण्याचा पहिला दिवस. शिकवणारी बाई सत्तरीची, गळ्यात शिट्टी. मला सहा वर्षांच्या पोरांबरोबर गुडघाभर पाण्यात उभं केलं. एका चिमुरडीने विचारलं, आजोबा, तुम्हालापण भीती वाटते? मी आजोबा नाही आणि भीती हा विषयच नाही, एवढंच सांगितलं. रडली. हे भांडणात धरायचं नाही.

१८ मार्च
शिट्टीबाई म्हणाल्या, काका, पाय हलवा, पाणी काही खात नाही तुम्हाला. सत्तरीची बाई मला काका म्हणते! तीन पानी तक्रार दिली. पाण्याचं तापमान, शिट्टीचा आवाज, काका. भांडण तोंडी असतं, ही लेखी आहे. अट मोडलेली नाही.

२२ मार्च
तलावाकडून उत्तर. उद्यापासून येऊ नये. हिला सांगितलं, पोहण्याचा कोर्स संपला. खोटं नाही. माझ्यापुरता संपलाच.

२९ मार्च
ही हल्ली संध्याकाळी ओले केस घेऊन घरी येते. विचारलं नाही. बायकांच्या केसांच्या भानगडीत पडू नये.

२ एप्रिल
होडीवाल्या कंपनीचा फॉर्म भरला. ‘अनुभव’ या रकान्यात लिहिलं: सत्तावीस वर्षं, विमा कंपनी, अपघाती दावे विभाग. माझ्याएवढे अपघात कुठल्या खलाशाने पाहिलेत? त्यातले निम्म्याहून जास्त दावे मी फेटाळलेत.

९ एप्रिल, सकाळी दहा
कंपनीच्या बाईने व्हिडिओ कॉलवर तोंडी परीक्षा घेतली. ही मुद्दाम शेजारी येऊन बसली. पहिलाच प्रश्न: होडी वेगात आहे आणि तुमची बायको पाण्यात पडली. काय कराल?
हा तर माझा हातखंडा विषय. म्हटलं, आधी कशी पडली ते पाहावं लागेल. कठडा धरला होता का? सूचना दिलेल्या होत्या का? तिचीच चूक निघाली तर पुढचा प्रश्नच येत नाही.
बाईने विचारलं, आणि तोपर्यंत बायको?
म्हटलं, तोपर्यंत प्रकरण प्रलंबित.
ही उठून आत गेली. बाई म्हणाली, आम्ही तुम्हाला होडी देऊ शकत नाही. मग मी त्या बाईबद्दल, कंपनीबद्दल आणि एकूण बेटाबद्दल माझं मत सांगितलं. आवाज थोडा चढला. पण ही तेव्हा खोलीत नव्हती, त्यामुळे हे मोजायचं की नाही हा वादाचा मुद्दा आहे.

१० एप्रिल
साडूचा फोन. म्हणाला, अहो, झालं गेलं सोडा, दोन्ही बर्थ ठेवलेत, तुम्ही नुसतं हो म्हणा. मी म्हटलं, आधी माफी माग. त्याने विचारलं, कशाची? म्हणजे बघा, माणसाला पत्ताच नाही! फोन आपटला. ही दारात उभी राहून ऐकत होती. म्हणाली, बरं.
एवढंच. पटलं असणार.

१४ मे
ही गेली. साडूच्या होडीतून. पोहता येतं म्हणे हिला, मार्चपासून. मला कुणी सांगत नाही. मोठी बॅग नेली, छोटीही नेली. स्वेटर, थंडीचा कोट, कपाटातली सगळी कागदपत्रं. मे महिन्यात त्या समुद्रावर स्वेटर लागतात हे पुस्तकात कुठेच नाही. लेखकाला कळवायला हवं.

१९ मे
लग्नाचा वाढदिवस. फोन आला नाही. समुद्रात असणार. घरात शांतता आहे. कुणी टोकत नाही. छान वाटतंय. जेवण: ब्रेड.

२४ मे, संध्याकाळी
तिघं काल परत आली. ही तिकडेच उतरली आहे, मेहुणीकडे. प्रवासाचा शीण असतो. साडूने फोन उचलून हिच्याकडे दिला. मी विचारलं, घरी कधी? म्हणाली, बघू. पुढे बोलणार इतक्यात फोन कट झाला.
साडूचं घर इथून फक्त दोन स्टॉप. पण तिथलं नेटवर्क फारच वाईट आहे. तेव्हापासून चौदा वेळा लावून पाहिला.