बोरीवरचं घरटं

प्रिय मनू,

दुर्बीण डोळ्याला होती आणि सुभग पाखराची मादी स्वतःचंच घरटं उसवत होती. कोळ्याच्या जाळ्याचा पांढरा धागा चोचीत धरायची, ओढायची आणि पलीकडच्या बाभळीत जायची. तिथं नव्या घरट्याची वाटी अर्धी झाली होती. परवा भारद्वाजानं तिची दोन्ही अंडी खाल्ली, ते मी पाहिलं होतं. हे मात्र कधी पाहिलं नव्हतं. हिमायतबागेतला माळी रामकिसन मागं उभा होता. म्हणाला, "दर साली असंच हाय, सर. अंडी गेली की सामान उचलून नेतेत. जाळं काय बाजारात भेटतं व्हय?"

हर्सूलच्या घरामागं बोरीवर असंच घरटं होतं. तू अकरा वर्षांची होतीस. अंडी नाहीशी झाली आणि दुसऱ्या दिवशी वाटीची एक बाजू फाटलेली दिसली. मी शाळेत जीवशास्त्र शिकवायचो. पाखरू आपलं घरटं आपण मोडत नाही, हे मी धरूनच चाललो होतो. आदल्या संध्याकाळी तू बोरीखाली स्टूल नेलं होतंस. फक्त बघितलं, म्हणालीस. मी तिसऱ्यांदा विचारल्यावर गप्प झालीस. आपल्या नोंदवहीत दोघांची अक्षरं शेजारी शेजारी असायची. त्यात मी लिहिलं, 'घरटे मनस्विनीने मोडले', आणि खाली तुझी सही घेतली.

त्यानंतर तू वहीत काही लिहिलं नाहीस. मलाही फारसं काही सांगितलं नाहीस. नाशिकची नोकरी, लग्न, मागच्या वर्षीचं ऑपरेशन, सगळं मला आईकडून कळलं.

आज घरी येऊन वही काढली. ती ओळ खोडली. शेजारी तारीख घालून लिहिलं, 'मनस्विनी खरं बोलत होती. नोंद चुकीची,' आणि माझी सही केली. फार हायसं वाटलं. तू खोटं बोललीस हे बावीस वर्षं मनात ठेवलं होतं. त्यापेक्षा मी चुकलो, हे ठेवणं सोपं आहे. तुझ्या सहीवर रेघ मारली नाही. ती तुझी आहे. वही सोबत पाठवतो आहे. ठेवायची की फाडायची, ते तू ठरव.

तुझाच,
बाबा

ता. क. पत्र काल लिहिलं. आज सकाळी आईला सगळं सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. म्हणाली, "ती खोटं बोलत नाही, हे कळायला मला दुर्बीण लागली नव्हती." आता वही कागदात बांधतो आणि पोस्टात निघतो.