रुळातलं पाचट

आई, काल तुझ्या शाळेच्या गावचा एक माणूस माझ्या दारात येऊन बसला होता. त्याला मी जे सांगितलं ते तुझ्या कानावर दुसऱ्या कुणाकडून जायच्या आत मीच घालावं म्हणून लिहायला बसले. दुसऱ्या कुणाकडून जाणार म्हणा! तू जाऊन इतका काळ लोटला की तुला ओळखणारी माणसंच हुडकावी लागतील. पण तूच शिकवलंस ना, आपली गोष्ट आपण आधी सांगावी, मग लोकांनी काय ती सांगू दे. तुझं शिकवणं असं कुठंकुठं चिकटून राहिलंय. सायकलचं तेवढं मी झटकून टाकलं.

बाबा गेले तेव्हा मामा गडहिंग्लजहून आला होता आणि तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्या दोघींना तिकडं न्यायचं म्हणून त्यानं आपल्या खोलीतली भांडी पोत्यात भरायला घेतली होती. तू त्याच्या हातातून पातेलं काढून घेतलंस, ते मला अजून दिसतं. पातेलं परत फळीवर पालथं घातलंस, बस्स. मग नदीपलीकडच्या त्या उसाच्या गावात तुला शाळा मिळाली, मंगळवार पेठेतली ती एक खोली आपल्याला राहिली, आणि एका निवृत्त नर्सबाईची सायकल तू घेतलीस. नऊवारी नेसून, टोपलीत डबा आणि खडू ठेवून तू पेठेतून निघालीस की तालमीच्या कट्ट्यावरची पोरं गप्प व्हायची आणि कोपरा वळलीस की हसायची. एकदा पावसात मी सायकल बाहेरच ठेवली तर केवढी भडकली होतीस! ‘ही आहे तोवर शाळा आहे, आणि शाळा आहे तोवर ही खोली आहे. गंजली तर मामाकडं जाऊन बसायचं आपण दोघींनी, कळलं?’ मला कळलं होतं. मी माझ्याच परकराच्या ओच्यानं सायकल पुसली, तर परकर खराब केला म्हणून पुन्हा बोललीस. तुझ्यापुढं जिंकायची सोय नव्हतीच.

त्या गावाच्या अलीकडं कारखान्याच्या उसाच्या ट्रॉल्यांचे रूळ रस्ता ओलांडून जायचे. मुंबई पाहून आलेल्या कुणीतरी त्याला ट्राम म्हटलं आणि सगळं गाव ट्राम म्हणायला लागलं. ऊस लादलेल्या त्या बुटक्या ट्रॉल्या बैल ओढत न्यायचे, आणि ही म्हणे ट्राम! जुना रस्ता रुळांपाशी येऊन थोडा वळायचा आणि त्यांना अगदी सरळ आडवा छेदून जायचा, त्यामुळं सायकलला त्रास नव्हता. मग संस्थान गेलं, मुंबईचं सरकार आलं आणि एस.टी.साठी रस्ता सरळ करायचं ठरलं. चुन्यात बुडवलेले दगड दोन्ही बाजूंना लागले, वळण गेलं. रस्ता सरळ झाला आणि रूळ तिरके झाले. तिरक्या रुळाशेजारची खाच सायकलचं चाक बरोब्बर मावेल एवढी असते. पुढचं चाक एकदा तिच्यात उतरलं की हँडल आपलं राहत नाही.

सुट्टीच्या दिवशी तू मला रंकाळ्याच्या काठानं सायकल शिकवायचीस. तिथं रूळ कुठले! मातीत काठीनं दोन तिरक्या रेघा ओढायचीस आणि म्हणायचीस, हे रूळ. आधी मागं बघ. मग बाजूला जागा घे, हँडल वळवून रुळासमोर सरळ हो, मगच ओलांड. ओलांडताना ब्रेक नाही, वळणं नाही. आणि रुळाकडं बघायचं नाही, पलीकडं बघायचं, नजर जाते तिकडं चाक जातं. मी रेघेकडं बघितलं की पाठीत धपाटा. एकदा मी वैतागून म्हणाले, ‘अगं पण ही नुसती रेघ आहे!’ तर म्हणालीस, ‘रेघ आहे तोवरच शिकून घे.’ आणि मागून एस.टी. भोंगा वाजवत आली, बाजूला व्हायला जागाच नसली, तर काय करायचं, असं मी विचारलं. तू म्हणालीस, ‘उतरायचं. उतरण्यात कसली आलीय लाज!’

आणि तू उतरायचीस. रोज जाताना उतरायचीस, येताना उतरायचीस. रुळांच्या पलीकडंच गोठा होता आणि गोठ्यासमोर ती राहायची, तुला ताक देणारी. तिची थोरली पोरगी तुझ्या वर्गात होती आणि पोरगी पाढे म्हणायला लागली म्हणून तू तिला देवापेक्षा जास्त वाटायचीस. मी एकदा तुझ्याबरोबर शाळेत आले होते तेव्हा तिनं रस्त्यातच अडवलं. ‘बाई, थांबा की! ताक पिऊन जावा.’ तू पितेस तोवर ती कमरेवर हात ठेवून रुळांकडं बघत होती. ‘काय वो हे, रोज उतरायचं, रोज चढायचं, लुगडं चिखलात. कुणाला काळजी हाय का न्हाय?’ तू हसून म्हणालीस, ‘सवय झालीय हो.’ ‘तुमास्नी झालीया, आमाला बघवत न्हाय त्येचं काय?’ असं म्हणून तिनं ओतलं आणखी ताक. मला तेव्हा ती फार आवडली होती, हेही लिहून ठेवते.

बैलाचा खूर खाचेत अडकू नये म्हणून तिकडचे गाडीवान खाचेत उसाचं पाचट, म्हणजे वाळला पाला, कोंबायचे, ही तिथली रीतच होती. गाडीचं लोखंडी धावेचं रुंद चाक त्यावरून सहज जातं, बैलाचा पाय निभावतो. ट्रॉली गेली की पाचट दबायचं, मग पुन्हा कोंबायचं. कुणी कोंबावं याचा काही नेम नव्हता, त्यामुळं बहुतेक वेळा खाच उघडीच असायची आणि तू उतरायचीस. त्या हंगामात मात्र त्या ताकवालीनं शेजारणींना गोळा केलं आणि बाईंच्या सायकलसाठी म्हणून सगळी खाच काठोकाठ पाचटानं भरून वरून तांबडी माती चोपली. चुलीपुढची जमीन सारवावी इतकं निगुतीनं केलं म्हणे. हे मला काल कळलं. तेव्हा मला एवढंच कळलं की तू रुळांवर सायकलवरून पडलीस; माझ्या शाळेत निरोप आला आणि मी दवाखान्यात धावले. तू बैलगाडीतून आली होतीस, त्या ताकवालीच्या मांडीवर डोकं, आणि तिचं लुगडं रक्तानं भरलेलं.

खुब्याचं हाड मोडलं होतं. शुद्धीवर आलीस आणि पहिलं वाक्य बोललीस ते, ‘माझंच चुकलं. लक्ष नव्हतं.’ ती खाटेच्या पायथ्याशी उभी होती, पदराचा बोळा तोंडात धरून. तू तिच्याकडं बघत पुन्हा म्हणालीस, ‘माझंच चुकलं हो.’ मला इतका संताप आला! मला धपाटे घालून शिकवलंस, मातीत रेघा ओढल्यास, आणि स्वतः काय केलंस? पलीकडं बघायचं सोडून कुठं बघत होतीस? मी तुला तिथंच, सगळ्यांदेखत विचारलं. तू भिंतीकडं तोंड केलंस. पुढं घरी विचारलं, रात्रंदिवस विचारलं, भांडणात तर हटकून विचारलं. उत्तर तेच. माझंच चुकलं. या तुझ्या वाक्याचा मी आयुष्यभर दुस्वास केला, आई.

पाय आखूड राहिला. शाळेवर दुसरे मास्तर आले. शहरातली शाळा मिळावी म्हणून तू काठी टेकत कितीदा कचेरीत गेलीस, आणि दर वेळी बघू म्हणाले. एस.टी.ची पायरी तुला चढवेना आणि सायकलकडं तू बघेनास. मामा पुन्हा आला, पुन्हा पोतं उघडलं. या खेपेला तू पातेली स्वतः खाली काढून दिलीस. मी फळीकडं बघत राहिले, धुरानं काळ्या झालेल्या लाकडावर पातेल्यांच्या पांढऱ्या गोल खुणा राहिल्या होत्या.

गडहिंग्लजचं काय लिहू! मामी वाईट नव्हती, हेच जास्त वाईट. ‘अक्का, बसा की तुमी, मी करतो,’ असं ती त्यांच्याकडच्या बोलीत म्हणायची आणि तू बसायचीस, शेंगा फोडत, तांदूळ निवडत, दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात भिंतीला टेकून. एक संध्याकाळ माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. चुलीवर चहा उकळतोय. सगळ्यांना कप दिले जातायत. तुझा पिऊन झालाय, पातेल्यात अजून आहे, आणि तू मामीकडं न बघता विचारतेस, ‘थोडा घेऊ का गं?’ मामी म्हणते, ‘अय्यो, विचारताय काय?’ आणि ओतते. पण तू विचारलंस ना! पोरांच्या आयांना सुनावणारी तू, तालमीच्या पोरांना नजरेनं गप्प करणारी तू. मी उठून परसात गेले. त्यानंतर तू जगलीस ती वर्षं सगळी त्या चहासारखीच, विचारून घेतलेली.

तर कालचा माणूस. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, केस पिकलेले, हातात उसाच्या कांड्यांची मोळी, माझ्यासाठी म्हणून. ‘बाईंची ल्येक न्हवं तुमी? मी ताकवालीचा धाकला. म्या शाळंत गेलतो तवर बाई न्हवत्या, पर आमच्या घरात रोज त्येंचं नाव.’ पत्ता कुणाकुणाला विचारत आला होता. त्याची आई अजून आहे. डोळे गेलेत, अंथरूण धरलंय, आणि एकच गोष्ट धरून बसलीय. तीच त्यानं मला सांगितली, पाचट कसं भरलं, माती कशी चोपली. ‘सकाळी दव पडल्यालं. मागनं एस.टी. आली. बाई उतरल्या न्हाईत त्या दिशी. जागा सपाट दिसली, म्हनल्या आसतील, केलंय कुनीतरी चांगलं. चाक आत गेलं, भस्सकन्.’ मग त्यानं टॉवेल सोडला, पुन्हा गुंडाळला. ‘आई म्हनती, बाईंना उचलली तवा त्येंच्या मुठीत पाचट हुतं. घट्ट धरल्यालं. तिनंच मूठ सोडवली आन् फेकून दिलं. बाईंनी बघितलं तिच्याकडं. पर बोलल्या न्हाईत.’

म्हणजे तुला माहीत होतं. पडल्या क्षणापासून माहीत होतं! आणि गाव तर, तू पडलीस म्हणून, पुढच्या हंगामात खाच आणखीच गच्च भरायला लागलं, असंही तो म्हणाला. तू एक शब्द बोलली असतीस तर ते थांबलं असतं. मला सांगितलं असतंस तर तुझ्या म्हातारपणात मी तुला ते बोचकारे काढले नसते. इतकं कुणाला जपलंस आणि कुणाला सोडलंस, याचा तू कधी विचार केलास का गं?

तो विचारायलाच आला होता. ‘बाई घरात कवा काय बोलल्या का? आमच्यामुळं पडल्या आसं? खरं आसंल त्येच सांगा. म्हातारी रोज इचारतीया, जीव जाईना तिचा.’ मी चहा टाकते म्हणून आत गेले. पाणी ठेवलं, साखर घातली, दूध घातलं, पूड घालायला विसरले. बाहेर येऊन म्हणाले, ‘त्यांना सांगा, आमच्या आईचंच चुकलं. तिचं लक्ष नव्हतं. शेवटपर्यंत ती हेच म्हणायची.’ त्यानं टॉवेलानं तोंड पुसलं आणि माझ्या पायाला हात लावला. ‘लई मोठं मन हाय बगा तुमचं, बाईंसारखंच,’ म्हणाला. मग तो पांढरा चहा तसाच पिऊन गेला.

ते रूळ आता नाहीत. त्या जागी मोठा चौक झालाय, मध्ये गोल बाग आहे, चारी बाजूंनी गाड्या सुटतात, आणि आपण नेमकं कुठं ताक प्यालो ते मला मागं एकदा रिक्षातून उतरून शोधूनही सापडलं नाही. हे पत्र टाकायला तर तेवढीही जागा नाही. घडी घालून उशीखाली ठेवीन, मी गेल्यावर रद्दीत जाईल. तोवर एक गोष्ट तेवढी कबूल करते. त्याला वाटलं तसं माझं मन मोठं नाही, आई. तुमच्या पाचटामुळंच ती पडली, असं खरं सांगितलं असतं तर त्या म्हातारीनं माझ्याकडं क्षमा मागितली असती, आणि ती मला देता आली नसती.