मास्कवरची नावं

३ फेब्रुवारी, सकाळी ६.१५
आजपासून रोज लिहिणार. रोज म्हणजे रोज. ही वही बायकोने आणून दिली. म्हणाली, लिहीत जा, बरं असतं. का बरं असतं ते तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.
वय सत्तावन्न. तब्येत उत्तम. शिकवतो भूगोल, सातवी ब. पोरं चौतीस. वर्ष संपत आलं तरी एकाचाही चेहरा पाहिलेला नाही, कारण सगळी मास्कमध्ये. त्यामुळे नावं चुकतात. काल एका मुलीला तीन वेगवेगळ्या नावांनी हाक मारली. चौथ्यांदा तीच उठली आणि म्हणाली, नाव राहू द्या सर, मी उत्तर सांगते.
दोष सगळा मास्कचा. बाकी स्मरणशक्ती ठणठणीत आहे. जगातल्या सगळ्यात लांब दहा नद्या आत्ता क्रमाने म्हणून पाहिल्या. नऊ आल्या. दहावी कुणाला लागते?

४ फेब्रुवारी
उपाय सापडला. पोरांना मास्कवरून ओळखायचं! प्रत्येकाचा कापडी मास्क वेगळा असतो. तासाला बसल्या बसल्या यादी केली. पिवळं फुलपाखरू: बडबडी. काळा, मागे नाडी बांधलेला: गृहपाठ कधीच नाही. वाघाचा जबडा: वाघ नावालाच, विचारलं की शेळी. निळे ठिपके: हुशार, पण शिष्ट. असे चौतीस. कागदाची घडी कोटाच्या आतल्या खिशात ठेवली. हे आधीच सुचायला हवं होतं.

८ फेब्रुवारी
घात झाला. मास्क धुवायला पडतात, हे ध्यानातच आलं नव्हतं. फुलपाखरू आज भलत्याच पोराच्या तोंडावर. मी त्याला बडबड बंद कर म्हणून चांगला दटावला. तो पठ्ठ्या वर्षभर तोंडातून ब्र काढत नाही, असं बाकीच्यांनी सांगितलं. आता तर मुळीच काढणार नाही.
संध्याकाळी दूध जळालं. भांडं काळं ठिक्कर पडलं. दिवसभर मास्क लावून डोकं ठिकाणावर राहत नाही, असं मी म्हणालो. ही म्हणाली, गॅसने तर मास्क घातला नव्हता. हिच्या बोलण्यात हल्ली खोच फार.

११ फेब्रुवारी, दुपारी
आरोग्य खात्याने शाळेला फुकट मास्क वाटले. सगळे एकसारखे, फिकट निळे. वर्गात शिरलो आणि दारातच थांबलो. चौतीस निळी तोंडं माझ्याकडे बघत होती. कोण कुठलं, काही म्हणजे काही कळेना. घाम फुटला. घाबरलो नव्हतो, पंखा बंद होता.
तास कसा काढला? नकाशा फळ्याला टांगला आणि पाठ त्यांच्याकडे करून बोलत राहिलो. समुद्रांची नावं धडाधड आली. समुद्र कधी दगा देत नाहीत.

१२ फेब्रुवारी
नामी कल्पना! मास्कवर नावं लिहायची. कापडावर न जाणाऱ्या शाईने, ठसठशीत अक्षरात, अगदी पुढे. कारण काय द्यायचं? मास्क एकसारखे आहेत, अदलाबदल होईल, एकाचा रोग दुसऱ्याला जाईल. मोठ्या बाईंना, म्हणजे मुख्याध्यापिकांना, कल्पना बेहद्द आवडली. तुम्ही किती बारीक विचार करता हो, असं म्हणाल्या. करतोच.

१५ फेब्रुवारी
नोकरीत इतका सुखाचा तास आठवत नाही. प्रत्येकाच्या नाकाखाली त्याचं नाव! एकेकाला नावाने उठवलं, नावाने बसवलं, गरज नसताना दोघांना नावाने ओरडलो. पोरं चकित झाली. मागच्या बाकावरचा एक शेजाऱ्याला म्हणाला, सरांना अचानक सगळी नावं यायला लागली. ऐकून छाती फुगली.
येताना जरा नवा रस्ता बघितला. चुकलो नाही. भूगोलाच्या मास्तराने नवे रस्ते बघायलाच हवेत. पाऊण तास जास्त लागला, मध्ये एका दुकानदाराला आमच्या घराकडचा रस्ता विचारला, तो आपला सहज. ही फाटकात उभी होती. मास्कमुळे चष्म्यावर वाफ धरते, दिसत नाही, असं कारण दिलं. म्हणजे तेच कारण होतं.

१७ फेब्रुवारी
परिपत्रक आलं. साथ ओसरली आहे, विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी मास्क लावायचा की नाही हे एक मार्चपासून प्रत्येक शाळेने पालकांशी बोलून ठरवावं. स्टाफरूममध्ये टाळ्या पडल्या. माझ्या हातातला चहा बशीत सांडला.
मास्क गेले की नावं गेली. लिहायचं तर खरं लिहावं, मला धडकी भरली आहे. म्हणजे साथीची. साथ अशी कागदावर संपत नसते.

१९ फेब्रुवारी
शिक्षकांची बैठक. विज्ञानाचे सर माझे वीस वर्षांचे मित्र, पण ते निघाले मास्क काढण्याच्या बाजूचे. लहान मुलांना धोका कमी, हवा खेळती ठेवू, आणखी किती दिवस कोंडायचं, वगैरे. भाषेच्या बाई म्हणाल्या, पोरं अर्धे शब्द गिळतात, मला जोडाक्षरं ऐकूच येत नाहीत. मी टेबलावर हात आपटला. पोरांच्या जिवाशी खेळ चालू देणार नाही, असं ठणकावलं. पालकसभेत मास्कच्या बाजूने मीच बोलावं असं ठरलं.
बाहेर एक गृहस्थ थांबले होते. त्यांच्या मुलाची फुप्फुसं जन्मापासून कमजोर, सातवी बमध्येच आहे. आत ठरलेलं त्यांच्या कानावर गेलं होतं. दोन्ही हातांनी माझा हात धरला, तुम्ही आहात म्हणून धीर आहे, म्हणाले. डोळ्यांत पाणी होतं. त्यांची भीती खरी होती. मला त्यांच्याकडे बघवेना, का कोण जाणे.

२१ फेब्रुवारी
भाषणाचे पाच मुद्दे काढले. मुद्देसूद, आकडेवारीसकट. ही भाजी निवडत ऐकत होती. शेवटी म्हणाली, तुम्हाला खरंच भीती कशाची वाटते? साथीची, म्हणालो. लस घेतली, गर्दीत जाता, बाजारात मास्क हनुवटीवर असतो, मग शाळेतच साथ कुठून येते? मी विषय बदलला. मग ती हळूच म्हणाली की एकदा कुणाला तरी दाखवून घेऊ. काय दाखवू? दात उत्तम आहेत.

२३ फेब्रुवारी, सकाळी
आज एक नामी कल्पना सुचली. मुलांच्या मास्कवर त्यांची नावं लिहायची! अदलाबदल होणार नाही आणि ओळखायलाही बरं. आजच मोठ्या बाईंच्या कानावर घालतो. हे इतके दिवस कुणालाच कसं सुचलं नाही?

२३ फेब्रुवारी, संध्याकाळी
मोठ्या बाई आधी हसल्या. मग हसायच्या थांबल्या. मग त्यांनी मला बसायला सांगून पाणी मागवलं.
वरची नोंद बाराव्या तारखेलाच आहे. मागची पानं उलटून पाहिली. म्हणजे मुद्दाम लिहिली असणार. उजळणी म्हणून. मी मुलांनाही उजळणी करायला सांगतोच.
मघापासून हात गार पडलेत. खिडक्या लावून घेतल्या तरी गारच.

२६ फेब्रुवारी, शनिवार
पालकसभा झाली. शांतपणे, क्रमाने लिहितो.
सभागृह गच्च. आधी एक आई उठली. तिच्या मुलीला ऐकू कमी येतं, ती ओठांवरून शब्द ओळखते. दोन वर्षं ती वर्गात बसून शिक्षकांचे नुसते डोळे बघते आहे, असं आई म्हणाली. मुलगी सातवी बची आहे, भूगोलाला रोज पहिल्या बाकावर असते, असंही म्हणाली. मी आठवून पाहिलं. पहिल्या बाकावर कोण असतं? निळं काहीतरी असतं.
मग माझं नाव पुकारलं. कमजोर फुप्फुसांच्या मुलाचे वडील पुढच्याच रांगेत, डोळे माझ्यावर लावून. पहिला मुद्दा झाला. जोरदार झाला. दुसरा आठवेना. हरकत नाही, कागद होताच. आतल्या खिशातून काढला, चष्मा लावला आणि मोठ्याने वाचू लागलो: पिवळं फुलपाखरू, बडबडी. काळा, मागे नाडी बांधलेला, गृहपाठ कधीच नाही. वाघाचा जबडा, वाघ नावालाच...
चार ओळी झाल्यावर लक्षात आलं की हा कागद तो नव्हे. तोवर सभागृह खो खो हसत होतं. वाघाची आई तर उभी राहून हात वर करत होती, माझाच तो, माझाच! मी थिजलो. वाटलं, संपलं. आता सगळ्यांना कळलं.
पण कुणालाच काही कळलं नाही! कमी ऐकू येणाऱ्या मुलीची आई पुन्हा उठली. तिचा आवाज भरून आला होता. बघा, सरांचा एकेका मुलावर किती जीव आहे, म्हणाली, आणि बिचाऱ्यांना वर्षभर मुलांच्या जागी फुलपाखरं आणि वाघ बघावे लागले. या माणसाला तरी मुलांचे चेहरे दिसायला हवेत की नकोत?
टाळ्या थांबेनात. हात वर झाले. मास्क काढावेत, ठराव प्रचंड बहुमताने मंजूर. ज्याला हवा त्याने लावावा, सक्ती नाही. विज्ञानाच्या सरांनी मला मिठी मारली.
माझ्यामुळे हरलो. ते वडील निघून गेले. त्यांच्या मागे जावंसं वाटलं, गेलो नाही.

१ मार्च, मंगळवार
काळजीचं कारण नाही. चेहरा तर मास्कपेक्षा सोपा. चेहरा धुवायला पडत नाही, फुकट वाटला जात नाही. आठ दिवसांत चौतीसच्या चौतीस पाठ करतो. पैज.

१ मार्च, दुपारी
नाकं, हनुवट्या, दात, एकाला चक्क मिसरूड. मुलं एकमेकांकडे बघून हसत होती, लाजत होती. आवाज ओळखीचा आणि तो भलत्याच तोंडातून यायचा. मला भोवळ आल्यासारखं झालं.
एकच नाव वाचता आलं. कमजोर फुप्फुसांच्या त्या मुलाने मास्क ठेवला आहे. तासभर सगळे प्रश्न त्यालाच विचारले.
शेवटी सगळ्यांना एकेक उठून ओळख करून द्यायला लावली. चेहरा बघायचा, नाव ऐकायचं, डोक्यात बसवायचं. बसली. नक्की बसली.

२ मार्च
आज पुन्हा ओळख परेड घेतली. कालचं पक्कं करायला. पोरं खूश, तास बुडाला.

४ मार्च
तिसरी परेड. एकाने आपलं नाव नाईल सांगितलं. मी बस म्हणालो. वर्ग हसला, मीही हसलो. हसण्यासारखंच होतं, आधी कळायला हवं होतं एवढंच.
पहिल्या बाकावरची मुलगी मात्र हसली नाही. ती माझ्या ओठांकडे बघत होती. मी काय बोलतो ते तिला आता सगळं कळतं. मला तिची भीती वाटते. बारा वर्षांच्या पोरीची भीती, हे लिहितानाही लाज वाटते.
मास्कवाल्या मुलाच्या वडिलांची चिठ्ठी आली. रोज सगळे प्रश्न आमच्याच मुलाला का, त्याचं काही चुकलं का? काय कळवणार?
निश्चय: उद्यापासून प्रत्येकाचा फोटो काढून खाली नाव लिहायचं. शिवाय बदाम खायचे. शिवाय पहाटे फिरायचं, जवळच, फाटकापासून फाटकापर्यंत.

६ मार्च, रविवार, सकाळी ११
बदाम आणायचे राहिले. फिरायला गेलो नाही, हिने दाराला आतून कुलूप लावलं होतं. का ते विचारायला हवं.
बेल वाजली. ही न्हाणीघरात, म्हणून दार मी उघडलं. बाहेर एक वयस्क बाई, हातात पिशवी, हसतमुख. पालक असाव्यात असं वाटलं. अदबीने विचारलं, कोण हवंय आपल्याला? त्या हसल्या, माझ्या डोक्यावर टपली मारली आणि सरळ आत गेल्या. मी मागोमाग गेलो. अहो बाई, म्हणालो, घरी शिकवणी घेत नाही मी, शाळेत भेटा.
तोवर ही डोकं पुसत बाहेर आली. बघितलं आणि जागच्या जागी थांबली.
ताई होती. माझी सख्खी थोरली बहीण.
ताईला आधी थट्टा वाटली. मग माझा चेहरा बघून ती खुर्चीत बसली, पिशवी तशीच मांडीवर. मी म्हणालो, अगं थट्टाच केली! ती हसली नाही. मग मीही हसायचा थांबलो.

६ मार्च, दुपारी १
दोघी स्वयंपाकघरात कुजबुजत आहेत. मी इथे कारण शोधत बसलो आहे.
उजेड कमी होता? नव्हता, दारात लख्ख ऊन होतं. चष्मा? नाकावरच होता. ताई बदलली? नाही, तेच पांढरे केस, हनुवटीवर तोच तीळ. बऱ्याच दिवसांनी आली? मागच्या रविवारी आली होती, हिनेच सांगितलं.
ताईच्या तोंडावर मास्क नव्हता.
तासभर झाला, दुसरं कारण सापडत नाही. इतकी वर्षं मला कारण सापडलं नाही असं कधी झालं नव्हतं. भीती वाटते. साथीची नाही. उद्या वर्गात भीती वाटेल ती वेगळी, आज घरात वाटते. उद्या दार उघडून मी हिलाही विचारलं, कोण हवंय आपल्याला, तर?
आत जाऊन हिला म्हणालो, चल, डॉक्टरांना दाखवू. वाटलं होतं रडेल, निदान दचकेल तरी. तिने फक्त हात पुसले. अपॉइंटमेंट घेतलेली आहे म्हणे, मंगळवारची. याआधी तीनदा घेतली होती. निघायच्या वेळी मी दरवेळी नाही म्हणालो, म्हणून रद्द करावी लागली.
मला न सांगता घेतलीस कशी, असं मी जरा रागानेच विचारलं.
सांगितलं होतं, म्हणाली. तिन्ही वेळा.